रानभाजी खुडण्याआधी: ओळख, जागा, तोडणी आणि शिजवणी

रानभाज्या शिकायच्या म्हटलं की बरेच जण यादीपासून सुरुवात करतात. पन्नास नावं उतरवून घेतात, प्रत्येकाचा एकेक फोटो साठवतात आणि पिशवी घेऊन बाहेर पडतात. फोटोतलं झाड फुलावर आलेलं असतं, समोर असतं चार पानांचं रोप. दोघांत साम्य शोधता शोधता डोळ्याला जे हवं तेच दिसायला लागतं. विषबाधेचे पुष्कळ प्रकार इथूनच सुरू होतात.

त्यापेक्षा पहिल्या हंगामात फक्त चार वनस्पती घ्या: घोळ, माठ, चाकवत आणि आंबुशी. चारही तण म्हणून जगाच्या फार मोठ्या भागात उगवतात. त्यांना जंगल लागत नाही. खणलेली, उकरलेली, माणसाचा वावर असलेली जमीन पुरते. शिवाय प्रत्येकीची एक तरी खूण अशी आहे की ती बोटांनी तपासता येते, नुसत्या नजरेवर सोडावी लागत नाही. चार झाडं पक्की झाली की पाचवं शिकायला महिनाही लागत नाही. पन्नास अर्धवट ओळखली तर एकही खाण्याच्या लायकीचं राहत नाही.

ओळख पक्की कधी म्हणायची

प्रत्येक रोपावर पाच गोष्टी बघायच्या. पानं खोडावर समोरासमोर आहेत की एकाआड एक. खोड गोल आहे की चौकोनी, भरीव की पोकळ, गुळगुळीत की लव असलेलं. मोडल्यावर चीक निघतो का, निघाला तर कोणत्या रंगाचा. पान चुरडल्यावर वास कसा येतो. आणि फूल किंवा फळ असेल तर ते कसं आहे. यातलं एक जरी जुळलं नाही तर रोप जागेवर सोडायचं. ‘पाचातली चार जुळली’ हा कौल परीक्षेत चालतो, ताटात चालत नाही.

पान चुरडून वास घेताना रोज एकच बोट वापरण्याची सवय लावून घ्या आणि ते बोट दर वेळी पुसा. आधीच्या पानाचा वास पुढच्याला लागतो आणि तपासणी फसते. चीक असलेलं झाड हाताळल्यावर हात धुवेपर्यंत डोळ्यांना हात लावू नका.

पहिले काही आठवडे खुडायचंच नाही, नुसतं पाहायचं. घराजवळ एखादी जागा धरा, रोपाशेजारी काडी रोवून तिला दोरा बांधा आणि दर आठवड्याला त्याच रोपाकडे जा. बीजपत्रांची जोडी, पहिली खरी पानं, फुटवे, कळी, फूल, बी आणि शेवटी वाळलेला सांगाडा, हे सगळं एकाच रोपावर पाहिलं की ते झाड कोणत्याही वयात भेटलं तरी ओळखू येतं. भाजी कोवळेपणी खुडतात आणि खात्रीची खूण बहुधा फुलात किंवा फळात असते. ही अडचण ओलांडायला असं पुन्हा पुन्हा जाऊन पाहण्यावाचून दुसरा उपाय नाही.

नावांवर भरवसा ठेवू नका. एकाच नावाने दोन गावांत दोन वेगळी झाडं ओळखली जातात, आणि एकाच झाडाला पाच नावं असतात. वहीत शास्त्रीय नाव लिहायचं. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये घोळीला पोर्टुलाका ओलेरेशिया आणि चाकवताला चेनोपोडियम आल्बम ही नावं दिली, ती आजही तीच आहेत. फोटोवरून झाड ओळखणारी अ‍ॅप शोधाची दिशा दाखवायला चांगली आहेत. पण त्यांचं उत्तर हा अंदाज समजा आणि पाच खुणा स्वतः तपासा. कोवळ्या रोपांवर ही अ‍ॅप सगळ्यात जास्त चुकतात, आणि आपल्याला नेमकी कोवळीच रोपं हवी असतात. झाडं जाणणाऱ्या माणसाबरोबर चार वेळा फिरण्याची बरोबरी कशालाच नाही.

काही आडाखे पिढ्यानपिढ्या सांगितले जातात. ते जीवघेणे ठरू शकतात म्हणून नाव घेऊन बाजूला काढायला हवेत. ‘जनावर खातं ते माणसाला चालतं’ हे खरं नाही. पक्षी, शेळ्या आणि ससे माणसाला बाधणारी कितीतरी पानं-फळं पचवतात. ‘विष कडू असतं’ हेही अर्धंच. कडू लागलं तर थुंकून टाकावं हे बरोबर, पण गोड किंवा बेचव लागलं म्हणून ते निर्धोक ठरत नाही. ‘दुधी चीक म्हणजे विष’ हा नियम नवख्याला वाचवतो खरा, तरी ‘म्हातारा’ नावाच्या तणासारख्या किंवा डँडेलियनसारख्या खाण्याच्या पानांतही पांढरा चीक असतो, म्हणजे ती ओळखीची कसोटी नव्हे. आणि ‘आधी ओठाला लावा, मग जिभेला, मग थोडं गिळा’ ही पायरीपायरीची चाचणी अनोळखी झाडावर कधीच करू नका. काही विषं इतक्या थोड्या प्रमाणात काम करतात की चाचणीचा घासच शेवटचा ठरू शकतो.

घोळ आणि तिच्यात मिसळलेली दुधी

घोळ जमिनीलगत पसरते. खोड मांसल, गुळगुळीत, लालसर झाक असलेलं आणि नखाने सहज तुटणारं. पानं जाड, लहान चमच्याच्या आकाराची, टोकाला रुंद आणि देठाकडे निमुळती, फांदीच्या शेंड्याशी गोळा होऊन बसलेली. कुठेही केस नाहीत. पिवळं छोटं फूल उन्हात थोडा वेळ उघडतं. बोंडाला टोपण असतं. ते उचललं की आत वाळूसारखं काळं बी दिसतं.

घोळीच्या जाळीतच जमिनीला चिकटून पसरणारी दुधी उगवते. हे एक तण आहे, दुधी भोपळा नव्हे. दोघींना एकच जमीन मानवते, दोघींची खोडं लालसर आणि दोघींची पसरण्याची तऱ्हा तीच. वरून पाहिलं तर एकच चटई अंथरल्यासारखी वाटते. फरक हाताला कळतो. दुधीचं खोड दोऱ्यासारखं बारीक आणि चिवट असतं. पानं पातळ, खोडावर अगदी समोरासमोर. भिंगाखाली पाहिलं तर पानाचा तळ एका बाजूला कललेला दिसतो आणि खोडावर बहुधा लव असते. खोड मोडलं की पांढरा चीक टचकन वर येतो. घोळ मोडली की स्वच्छ, पाण्यासारखा रस येतो. दुधीचा चीक त्वचेला आणि डोळ्यांना झोंबतो, आणि पोटात गेला तर उलट्या-जुलाब होतात.

ही मोड-चाचणी शेंड्याजवळच्या ताज्या फांदीवर करा. सुकत आलेल्या दुधीच्या बुडाशी चीक उतरतोच असं नाही, आणि ‘चीक नाही, म्हणजे घोळ’ असा चुकीचा निकाल लागतो. जाळीतून मूठभर उपटून एकदम पिशवीत टाकायचं नाही. एकेक फांदी वेगळी खुडायची आणि निवडताना पुन्हा एकेक पाहायची. या एका झाडावर लागणारा वेळ वाया जात नाही, कारण हाताला लागलेली ही सवय पुढे प्रत्येक भाजीला उपयोगी पडते.

खुडण्याच्या वेळेनुसार घोळीची चव बदलते. पाण्याची ओढ असली की ही वनस्पती रात्री हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेऊन तो मॅलिक आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा उन्हात ते वापरून टाकते. म्हणून कोरड्या दिवसांत पहाटे खुडलेली घोळ चांगली आंबट लागते, संध्याकाळची सौम्य. कच्ची कोशिंबिरीत घालायची असेल तर सकाळी जा, शिजवायची असेल तर दुपार टळल्यावर.

माठ

माठाची पानं एकाआड एक, लांब देठाची, मागच्या बाजूला शिरा ठळक उठलेल्या. काही जातींत पानाच्या टोकाला बारीकशी खाच असते. खोडाचा बुंधा आणि मूळ पुष्कळदा लालसर असतात. फुलं हिरवट तुऱ्यात येतात, पाकळ्या अशा दिसतच नाहीत. काटेमाठात पानाच्या बगलेत काट्यांची जोडी असते. तो कोवळा असताना खाता येतो, पण हातमोजे घालून खुडा.

माठाच्या जवळच्या भावंडांत विषारी म्हणून ओळखलेली जात नाही, म्हणून तो शिकाऊ माणसासाठी चांगला. धोका असतो तो शेजाऱ्यांचा. उकिरड्याच्या त्याच सुपीक मातीत धोतराही उगवतो. धोतऱ्याचं पान मऊ, कडा वेड्यावाकड्या दातेरी किंवा लाटदार, पानाचा तळ देठाशी दोन बाजूंना कमी-जास्त उंचीवर जुळलेला, आणि चुरडलं की उबग आणणारा वास. अगदी लहानपणी दोघांचे फरक कमी दिसतात. म्हणून पहिल्या वर्षी 10 सेंटिमीटरपेक्षा लहान रोपं खुडूच नका. चार-सहा खरी पानं आल्यावर धोतरा स्वतःच वेगळा दिसायला लागतो.

माठाची दुसरी गोष्ट फार कमी लोक लक्षात घेतात. हे झाड जमिनीतलं नायट्रेट साठवून ठेवतं. खताच्या ढिगाशेजारी, युरिया पडलेल्या शेतात, दाट सावलीत किंवा कोरडे दिवस संपून पहिला पाऊस पडल्यावर हे प्रमाण वाढतं. पानांपेक्षा जाड देठांत ते जास्त असतं. तेव्हा अशा जागा सोडायच्या, पानं आणि कोवळे शेंडेच घ्यायचे, उकळून पाणी टाकायचं. शिजवलेली भाजी तासन्‌तास उघड्यावर ठेवली तर जिवाणू नायट्रेटचं नायट्राइट करतात. उरलेली लगेच फ्रीजमध्ये ठेवा आणि एकदाच गरम करून संपवा. तान्ह्या बाळाला ही भाजी देऊ नका, नायट्राइटमुळे त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते.

चाकवत आणि आंबुशी

चाकवताचा शेंडा बोटांत धरून हलकेच चोळा. कोवळ्या पानांवर, विशेषतः मागच्या बाजूला, पिठासारखी पांढरी भुकटी असते आणि ती बोटाला लागते. त्या भुकटीमुळे पानावर पाणी टिकत नाही, थेंब होऊन घरंगळतं. खालची पानं बदकाच्या पंजासारखी, कडेला दाते असलेली, वरची अरुंद होत गेलेली. जुन्या खोडावर उभ्या रेघा, कधी जांभळट. वास जवळजवळ नाहीच. हे महत्त्वाचं, कारण त्याच्या एका उग्र वासाच्या नातेवाइकाच्या तेलात अ‍ॅस्कॅरिडोल नावाचं द्रव्य असतं आणि ते जास्त प्रमाणात विषारी आहे. चुरडल्यावर रॉकेलसारखा किंवा औषधी भपकारा आला तर ते चाकवत नाही.

आंबुशीला तीन पर्णिका, प्रत्येक पत्त्यांतल्या बदामाच्या म्हणजे हृदयाच्या आकाराची, मधोमध घडी पडलेली. रात्री त्या छत्रीसारख्या मिटतात. पिवळं पाच पाकळ्यांचं फूल, आणि उभी राहणारी लहान भेंडीसारखी शेंग, जी पिकल्यावर बोट लागताच फुटते. तिच्यासारख्याच तीन पर्णिकांच्या क्लोव्हर या चाऱ्याच्या झाडाच्या पर्णिका लांबट गोल असतात, वर अशी खोल खाच नसते. आंबुशीचा आंबटपणा ऑक्सॅलिक आम्लाचा आहे, त्यामुळे तिची पातेलंभर भाजी करायची नाही. चिमूट-मूठभर, आंबटपणासाठी.

पहिल्या वर्षी हात लावायचा नाही असे गट

गाजराच्या कुळातलं काहीही रानातून खाऊ नका. बारीक चिरलेली पानं, छत्रीसारखा पांढऱ्या फुलांचा गुच्छ, गाजरासारखं मूळ हे सगळं ओळखीचं वाटतं आणि तिथेच माणूस फसतो. कोनियम म्हणजे हेमलॉक याच कुळातलं. इ.स.पू. 399 मध्ये ग्रीक तत्त्वज्ञ सॉक्रेटिसला मृत्युदंड म्हणून दिलं गेलं ते हेच. त्याचं खोड गुळगुळीत, पोकळ, जांभळ्या डागांचं असतं आणि चुरडल्यावर उंदराच्या घाणीसारखा वास येतो. पाणथळ जागी वाढणारा सिक्युटा याहून वाईट, त्याच्या मुळाचा लहानसा तुकडा माणसाला झटके आणून मारू शकतो. खुणा माहीत असूनही अनुभवी लोक या कुळापाशी दोनदा थांबतात.

रानअळूच्या पानांत आणि कंदात कॅल्शियम ऑक्सलेटच्या सूक्ष्म सुया असतात. त्या जिभेत-घशात रुततात आणि सूज येते. सगळी रानअळू शिजवून खाण्याजोगी होत नाहीत. रानकंदांचंही तसंच: काही जाती कापून, उकळून, दिवसेंदिवस पाण्यात ठेवल्याशिवाय खाता येत नाहीत, आणि ती कृती जातीजातीला वेगळी असते.

नेच्याचे गुंडाळलेले कोंब दिसायला मोहक असतात. ब्रॅकन जातीत टॅक्विलोसाइड हे कर्करोगकारक द्रव्य असतं. खाण्याजोगा मानल्या गेलेल्या ऑस्ट्रिच फर्नचे कोंब कच्चे किंवा अर्धवट शिजवून खाल्ल्याने 1994 मध्ये न्यूयॉर्क राज्यात आणि पश्चिम कॅनडात बऱ्याच लोकांना उलट्या-जुलाब झाले. म्हणून ते 15 मिनिटं उकळून पाणी टाकून देण्याचा सल्ला दिला जातो. अळंब्या तर पूर्णपणे वेगळा विषय. अमानिटा फॅलॉइडिस या विषारी अळंबीच्या बाधेची लक्षणं सहा तासांनी किंवा त्याहून उशिरा दिसतात, मध्ये बरं वाटल्यासारखं होतं आणि तोवर यकृत निकामी होऊ लागलेलं असतं. शिजवल्याने हे विष जात नाही.

कामोनीची पिकलेली फळं पुष्कळ ठिकाणी खातात, पण हिरव्या फळांत सोलानिन हे विष असतं आणि विषारी बेलाडोनाशी गल्लत होते. कामोनीची फळं घोसाने येतात. बेलाडोनाचं फळ एकेकटं, मोठ्या पसरट हिरव्या चांदणीवर बसलेलं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बघा.

जागा

झाड बरोबर आणि जागा चूक, असं झालं तरी भाजी वाया. रहदारीच्या रस्त्यापासून किमान 30 मीटर आत जा. शिशाचं पेट्रोल विकणारा शेवटचा देश, अल्जीरिया, 2021 मध्ये थांबला, पण रस्त्याकडेच्या मातीत पडलेलं शिसं कुठे जात नाही. माठ तर जड धातू शोषून घेण्यात तरबेज आहे, आणि पानाच्या आत गेलेलं शिसं धुऊन निघत नाही. जुन्या इमारतीच्या भिंतीलगत, जिथे रंगाच्या खपल्या पडतात, तिथेही तेच. रेल्वे रुळांच्या कडेला, कारखान्यामागे, कचरा जाळतात तिथे, सांडपाण्याच्या नाल्यावर खुडू नका.

फवारणी ओळखायला शिका. एका पट्ट्यातली सगळी झाडं एकाच वेळी पिवळी पडलेली, शेंडे पिळवटलेले, आणि पट्ट्याची कड सरळ रेघेसारखी असली तर तिथे तणनाशक पडलं आहे. फवारणीनंतर काही दिवस पानं हिरवीच दिसतात, म्हणून शेताच्या बांधावर मालकाला विचारल्याशिवाय हात घालू नका. तशीही परवानगी लागतेच. संरक्षित जंगलात आणि उद्यानांत खुडायला मनाई असते, तिथला नियम आधी पाहून घ्या.

पाण्यात किंवा काठावर उगवणारी भाजी, वरच्या अंगाला गुरं चरत असतील तर, कच्ची कधीच खाऊ नका. फॅसिओला या यकृतकृमीची सूक्ष्म कवचं पानाला चिकटतात आणि धुऊन निघत नाहीत. पूर्ण शिजवली तरच ती मरतात.

खुडणी

घोळीची वर सांगितलेली वेळ सोडली तर दव सुकल्यावर आणि ऊन चढण्याआधी निघा. ओली पानं पिशवीत तापतात आणि दोन तासांत काळी पडतात. जवळ लहान कात्री, तीन-चार कापडी पिशव्या, हातमोजे, भिंग आणि वही असली की झालं. एका पिशवीत एकच जात. मिसळून घरी आणलं की मऊ पडलेल्या पानांवर ओळख पुन्हा तपासता येत नाही, आणि एखादी चुकीची फांदी शिरली असेल तर तिचा पत्ता लागत नाही.

वरचे 8 ते 10 सेंटिमीटर खुडा. वाकवून पाहा, टचकन मोडलं तर कोवळं, वाकून राहिलं तर चोथा होईल. एका रोपाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग घेऊ नका, शेंडा खुडला की बगलेतून दोन फुटवे येतात आणि दोन आठवड्यांनी तिथेच पुन्हा भाजी मिळते. मूळ उपटायचं नाही. फुलावर आलेल्या झाडाची पानं कडसर आणि जून झालेली असतात, ती बीसाठी सोडा. तणं कितीही घेतली तरी संपत नाहीत असं वाटतं. पण एखाद्या जागी दहा-बाराच रोपं दिसली तर तिथून काही न घेता पुढे जाणं बरं.

निवडणं आणि शिजवणं

घरी आल्यावर पांढऱ्या कापडावर एकेक पिशवी रिकामी करा आणि प्रत्येक फांदी हातातून जाऊ द्या. कंटाळवाणं काम आहे, पण दुसरी तपासणी ही हीच. नंतर मोठ्या भांड्यात तीन पाण्यांनी धुवा. दर वेळी पानं वर उचलून घ्यायची, पाणी ओतायचं नाही, नाहीतर तळाशी बसलेली माती पुन्हा पानांवर येते. किडे असतील तर मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं. घोळ धुतलेलं पाणी अंगणात टाकलंत तर त्यातलं काळं बी आणि खोडाचे तुकडे तिथेच रुजतील. हवी असेल तर टाका.

घोळ, माठ, चाकवत आणि आंबुशी या चारही भाज्यांत ऑक्सलेट असतं. त्यातलं पाण्यात विरघळणारं ऑक्सलेट शरीरात शोषलं जातं, आणि उकळलं की त्याचा मोठा वाटा पाण्यात उतरतो. 500 ग्रॅम पानांना 3 लिटर पाणी घ्या. पाणी खळखळ उकळल्यावर पानं सोडा, झाकण न ठेवता 3 ते 5 मिनिटं ठेवा, पाणी ओतून द्या, पानं हलकेच पिळा. थोड्या पाण्यात झाकून वाफवलं तर ऑक्सलेट भाजीतच राहतं. पानं पिळून झाल्यावर गोळा अगदी लहान वाटेल, म्हणून चार माणसांसाठी किलोभर तरी कच्ची पानं हवीत. पुढे फोडणी, डाळ, पीठ काहीही चालतं. सोबत दही किंवा दूध असलं तर त्यातलं कॅल्शियम उरलेल्या ऑक्सलेटला बांधून ठेवतं. आंबुशी अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात शिजवू नका, आम्ल धातूला खातं.

मूतखडा होऊन गेलेल्यांनी या भाज्या टाळाव्यात किंवा डॉक्टरांना विचारून फार थोड्या खाव्यात. वॉरफरिनसारखं रक्त पातळ ठेवणारं औषध चालू असेल तर हिरव्या पानांतलं व्हिटॅमिन के त्याच्या कामाच्या आड येतं, आहार एकाएकी बदलू नका. गरोदरपणात नवी रानभाजी सुरू करू नका.

कोणतीही भाजी आयुष्यात पहिल्यांदा खाताना, ओळख शंभर टक्के पक्की असली तरी, शिजवलेली दोन चमचेच खा आणि 24 तास थांबा. ही चाचणी फक्त तुमच्या पोटाला आणि अ‍ॅलर्जीला ती मानवते का हे पाहण्यासाठी आहे, झाड कोणतं हे ठरवण्यासाठी नाही. एका दिवशी एकच नवी भाजी. घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी पहिला घास घेऊ नये, मुलांना तर शेवटी. आणि कच्च्या भाजीची एक फांदी, देठ-पानांसकट, ओल्या कागदात गुंडाळून तारीख लिहून दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवा.

त्रास झाला तर

तोंडात जळजळ, घसा आवळल्यासारखा वाटणं, तोंड एकदम कोरडं पडणं, बाहुल्या मोठ्या होणं, बरळणं, झटके, सतत उलट्या: यातलं काहीही दिसलं की वाट पाहू नका. तोंडातलं थुंकून चूळ भरा. उलटी काढायला बोटं घालू नका, मीठ-पाणी पाजू नका. झटके येणाऱ्याच्या किंवा शुद्ध हरपत चाललेल्या माणसाच्या तोंडात काहीच घालू नका, त्याला कुशीवर वळवा. फ्रीजमधली ती फांदी, उरलेली शिजवलेली भाजी आणि खाल्ल्याची वेळ घेऊन थेट रुग्णालयात जा. बरोबर जेवलेल्या प्रत्येकाला न्या, त्रास होत नसला तरी. डॉक्टरांना ‘रानभाजी खाल्ली’ एवढंच सांगून उपयोग होत नाही. त्यांच्या हातात पान द्या, म्हणजे ते ओळखणाऱ्याला विचारता येतं आणि उपचार कोणत्या विषावर करायचे हे ठरतं.